केळीचा चीक आणि साहेबांचा डावा गाल

साहेब तोंड धुवायचे ते फक्त डावीकडून. उजवीकडे नुसतं पाणी. कारखान्यात तयार होणाऱ्या प्रत्येक फेसवॉशचा नमुना ते आधी स्वतःच्या डाव्या गालाला लावायचे आणि उजवा गाल तुलनेसाठी कोरा ठेवायचे. हे वर्षानुवर्षं चालल्यामुळे त्यांचे दोन गाल दोन वेगळ्या तालुक्यांतले वाटायचे. डावा जरा उजळ, जरा कोरडा, भरपूर नोकरी करून थकलेला. उजवा रापलेला, निवांत, शेतावर राहणाऱ्या थोरल्या भावासारखा. आधार कार्डाचा फोटो काढणारा त्यांना म्हणाला होता, "काका, जरा उजेडात सरका." साहेब उजेडातच बसले होते.

जळगावच्या एमआयडीसीतला आमचा कारखाना लहानसा. फेसवॉश, शाम्पू, हात धुवायचं लिक्विड आम्ही बनवायचं आणि ज्याची ऑर्डर त्याचं लेबल चिकटवायचं. "हिमालयाच्या कुशीतून" असं लिहिलेली एक बाटली आमच्या पत्र्याच्या शेडमधून निघायची. साहेब मुख्य केमिस्ट. त्यांचं सगळं आयुष्य दीपनगरला वीज केंद्राच्या प्रयोगशाळेत बॉयलरचं पाणी तपासण्यात गेलेलं. निवृत्तीनंतर घरी बसवेना म्हणून इकडे आले. घरच्यांनाही ते घरी बसलेले सोसवत नव्हते, हे मला नंतर कळलं.

मी त्यांच्या हाताखालची एकुलती एक केमिस्ट. साक्रीकडच्या आमच्या गावातून रसायनशास्त्र घेऊन बीएस्सी झालेली, आणि आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. हे मी मुद्दाम सांगते, कारण ते सांगण्यासारखं आहे. ज्यांच्या घरी आजोबांपासून पदव्या आहेत त्यांना ते बढाईखोर वाटतं. वाटू दे.

साहेबांनी माझी मुलाखत घेतली ती नळापाशी.

"हात धुवा," ते म्हणाले.

मला वाटलं, चहा देणार असतील. मी समोरच्या बाटलीतलं लिक्विड घेतलं, भरपूर फेस काढला, चोळून चोळून हात धुतले.

"एवढं कशाला घेतलं?"

"फेस यायला."

"फेसाचं काय करणार? खाणार?"

मी नळ बंद केला. ते म्हणाले, "मॅडम, तुमचा पहिला वर्ग असेल, पण आत्ता तुम्ही जाहिरातीसारखे हात धुतलेत. सोमवारपासून या. ती सवय काढू."

मला त्यांचा राग आला. नोकरी हवी होती, म्हणून राग सोमवारपर्यंत पुढे ढकलला.

सोमवारी त्यांनी मला पहिला धडा दिला, तो सर्फॅक्टंटचा. सर्फॅक्टंट म्हणजे साबणात, शाम्पूत, फेसवॉशमध्ये जो पदार्थ खरं काम करतो तो. बाकी गुलाब, कोरफड, केशर वगैरे मंडळी लेबलावर फोटो काढायला आलेली असतात. कॉलेजात आम्हाला तो डोकं आणि शेपटीची आकृती काढून शिकवला होता. डोक्याला पाणी आवडतं, शेपटीला तेल. साहेबांनी आकृती काढली नाही.

"केळीचा बाजार पाहिलाय?" त्यांनी विचारलं. "शेतकरी आणि व्यापारी एकमेकांशी बोलत नाहीत. मध्ये दलाल लागतो. एक हात याच्या हातात, एक त्याच्या. तसं तेल आणि पाणी एकमेकांशी बोलत नाहीत. चेहऱ्यावरचा मळ तेलात बसलेला. हा दलाल एका हातानं तेल धरतो, दुसऱ्या हातानं पाणी धरतो आणि तेलाला पाण्याबरोबर गावाबाहेर काढतो. कळलं?"

"कळलं."

"आता चांगला दलाल कोणता?"

"जो जास्त तेल काढेल."

"चूक. तो चोर. चेहऱ्याचं स्वतःचंही थोडं तेल असतं, ते घरातलं धान्य. वाईट दलाल मळ काढता काढता तेही उचलतो. मग कातडी कोरडी पडते, ओढल्यासारखी होते, आणि लोक म्हणतात, वा, काय स्वच्छ वाटतंय!"

हे मी आजवर वाचलेल्या कोणत्याही पुस्तकापेक्षा बरं समजावलेलं होतं. ते मी त्यांना सांगितलं नाही. त्यांचं स्वतःबद्दलचं मत आधीच पुरेसं चांगलं होतं.

साहेबांचे तीन प्रश्न आख्ख्या एमआयडीसीत प्रसिद्ध होते. अमुक पदार्थ वाईट असतो का हो, असं कुणी विचारलं की ते उत्तर द्यायचे नाहीत. उलट विचारायचे, "किती? किती वेळ? कुठं?" थोडासा लावून लगेच धुवून टाकला तर एक गोष्ट, भरपूर लावून तसाच ठेवला तर दुसरी. तळहातावर एक, पापणीवर दुसरी. विचार म्हणून हे अगदी बरोबर. पण साहेब ते कुठंही वापरायचे. कारखान्यातला ड्रायव्हर लाजत लाजत म्हणाला, "साहेब, लग्न ठरलं." साहेब म्हणाले, "किती वेळ?" त्यांना बोलणी किती वेळ चालली ते विचारायचं होतं. ड्रायव्हर आठवडाभर उदास होता.

लग्नात तर त्यांना नेऊच नये. एकदा मी त्यांच्याबरोबर कारखान्यातल्याच एकाच्या लग्नाला भुसावळला गेले. जेवून हात धुवायला गेलेले साहेब परतच येईनात. शोधत गेले तर ते नवरीच्या खोलीच्या दाराशी, हातात तिच्या मेकअपच्या पिशवीतली ट्यूब, चष्मा कपाळावर, मागची बारीक अक्षरं मोठ्यानं वाचतायत. आत नवरी, बाहेर नवरीची आई. आई बिचारी हात जोडून उभी. तिला वाटलं, काहीतरी मंत्र चाललेत.

"हे 'निखार' म्हणजे काय?" साहेबांनी तिला विचारलं. "किती टक्के आहे? यादीत दिसत नाही."

"असंल ना हो दादा, आत असंल," ती म्हणाली.

त्या वर्षी व्हॉट्सअॅपवर एक निरोप फिरत आला. फेस आणणारा अमुक पदार्थ तुमच्या शाम्पूत असेल तर कॅन्सर होतो, दहा जणांना पाठवा. तो अमुक पदार्थ म्हणजे सोडियम लॉरिल सल्फेट, आमच्याकडच्या पांढऱ्या सुयांसारख्या काड्यांची गोणी. पॅकिंगच्या बायकांनी कामच थांबवलं. पुढे लताताई. लताताई म्हणजे पॅकिंगची पुढारी. ती उभी राहिली की बाकीच्या उभ्या राहायच्या.

साहेब त्यांच्यासमोर जाऊन म्हणाले, "याच्यानं कॅन्सर होत असल्याचा काही पुरावा नाही. खोटी भीती बाळगू नका."

बायकांनी सुस्कारा सोडला.

"खरी बाळगा," साहेब पुढे म्हणाले. "हा पदार्थ कातडीला त्रास देतो. जास्त झाला, जास्त वेळ राहिला, तर आग होते, भेगा पडतात. याची धूळ नाकात गेली तर शिंका, खोकला. फेसवॉशमध्ये थोडा असला, सोबत सौम्य जोडीदार असला आणि लगेच धुतला, तर बहुतेकांना काही होत नाही."

"आनि आमाले?" लताताई म्हणाली. "आमी तं दिवसभर त्याच्यातच हात घालतो. किती, किती वेळ, कुठं, बठ्ठंच जास्त झालं आमचं. हातमोजे कुठं हायेत?"

आख्खी प्रयोगशाळा चालवणाऱ्या माणसाच्या डोक्यात हातमोजे आलेच नव्हते. त्याच दुपारी हातमोजे आले, मास्क आले, आणि आठवडाभर साहेब पॅकिंगच्या बाजूनं जाताना भिंतीकडे बघत जायचे.

माझे हातही तोवर खरखरीत झाले होते. सुट्टीत घरी गेले तेव्हा आईनं ते उलटसुलट करून पाहिले.

"हाई नोकरी शे का धुनं शे व माय?" ती म्हणाली. "पदवी लिसन साबन घोटाले गई का तू?"

मी तिला सर्फॅक्टंट समजावला. दलालासकट. तिनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, "म्हंजे रिठाच ना?"

रिठाच. रिठ्यातही तोच गुण, तोही झाडानं तयार केलेला सर्फॅक्टंटच, आणि डोळ्यात गेला की आजोबा आठवतात. पण लेबलावर रिठ्याचा फोटो असला की लोक म्हणतात, केमिकल नाही. जसा काही रिठा रसायनशास्त्राच्या परवानगीशिवाय उगवतो.

आता कारखान्याचे मालक. त्यांना सगळे भाऊ म्हणत. सावद्याकडचे केळीचे मोठे बागायतदार. भाच्याच्या नादानं या धंद्यात पडलेले. माणूस सरळ, मोकळ्या मनाचा, पण जगातली कुठलीही गोष्ट त्यांना केळीतून दिसायची. कामगार आजारी पडला तर "करपा आला का त्याले?" आणि माझ्याबद्दल कौतुकानं, "ही ताई म्हंजे टिश्यूकल्चरचं रोप हाये. लागन झाली की धरलीच."

भाऊंची मालाची परीक्षाही केळीचीच होती. टेबलावर पाण्याच्या डब्यात नेहमी घडाच्या दांड्याचा ताजा तुकडा असायचा. नवीन बॅच आली की भाऊ त्या दांड्याचा चीक मनगटाला फासायचे आणि वाळू द्यायचे. केळीचा चीक ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते: निघतो तेव्हा पाण्यासारखा, वाळला की तपकिरी, मग काळा. कपड्यावर पडला की तो कपडा केळी कापायलाच ठेवायचा, लग्नाला नाही. तर भाऊ हा वाळलेला चीक आमच्या फेसवॉशनं धुवायचे. डाग जायचा नाही.

"पावर कमी हाये," भाऊ म्हणायचे.

पावर म्हणजे त्या पांढऱ्या काड्या. साहेब कपाळाला हात लावायचे.

"भाऊ, चीक म्हणजे तेल नाही. सर्फॅक्टंट तेल काढतो. चिकाचा डाग हवेनं पक्का होतो, कातडीला रंग चढतो. तो धुवून निघत नाही, कातडी झडते तेव्हा जातो. मेंदी धुता का तुम्ही?"

"मेंदी बाया धुतात का कवा? त्या त मिरवतात. मले एवढं सांगा साहेब, जे चीक काढू शकत नही ते तोंडावरचा मळ काय काढीन?"

या वाक्यात चूक कुठं आहे हे आख्ख्या केळी पट्ट्यात कुणालाही पटवून द्या आणि मग माझ्याशी बोला. ज्या माणसानं सबंध जन्म हातावरच्या एकाच डागाशी भांडण केलं, त्याच्यासाठी जगातली घाण म्हणजे तोच डाग.

साहेबही कमी नव्हते. त्यांचं वेड दुसऱ्या टोकाला. फेस म्हणजे फसवणूक, असं त्यांचं ठाम मत. फेसाचा आणि सफाईचा संबंध थोडा. फेस आला म्हणजे मळ निघालाच असं नाही आणि फेस नाही म्हणजे मळ राहिलाच असंही नाही. हे खरं. पण ते खरं सिद्ध करण्यासाठी साहेबांनी एकदा अजिबात फेस न येणारा फेसवॉश बनवला. साखर आणि खोबरेल तेलापासून काढलेला अतिसौम्य सर्फॅक्टंट, तोही मोजकाच. घट्ट दिसावं म्हणून सगळे कारखाने मीठ टाकतात, साहेबांनी तेही टाकलं नाही. घट्टपणाही फसवणूकच. माल पाण्यासारखा पातळ. कातडीला इतका सुरक्षित, की काहीच करत नसावा अशी शंका यावी. आख्खा माल परत आला. दुकानदारानं सोबत निरोप धाडला: "पाणी आमच्याकडं पण येतं, आठवड्यातून दोनदा."

साहेब म्हणाले, "समाज अजून तयार नाही."

असे हे दोघं. एकाला ट्रक धुता येईल असा फेसवॉश हवा, दुसऱ्याला न लावता चालेल असा. मधे मी, टिश्यूकल्चरचं रोप.

मग संक्रांतीच्या तोंडावर ती ऑर्डर आली. गावातल्या एका पुढाऱ्याच्या मिसेसचं मोठं हळदीकुंकू होतं. वाण म्हणून बायका पूर्वी चाळणी द्यायच्या, डबी द्यायच्या, करंडा द्यायच्या. या बाईंना वेगळं काहीतरी हवं होतं. ठरलं: प्रत्येकीला फेसवॉशची छोटी बाटली, वर बाईंचा हसरा फोटो. म्हणजे आपण तोंड धुताना बाई आपल्याकडे बघत राहणार. सबंध जळगावातल्या बायकांच्या तोंडाला आमचा माल लागणार होता, आणि भाऊंना त्यात कारखान्याचं भवितव्य दिसत होतं.

भाऊंनी चीक फासला, धुतला, डाग बघितला आणि मिक्सरवाल्याला परस्पर सांगून काड्या वाढवल्या. पुन्हा फासला, पुन्हा वाढवल्या. शेवटच्या मोठ्या टाकीला असा फेस आला की झाकण उचललं गेलं. त्या मालात बोट घातलं की बोटाची कातडी वाळलेल्या चिंचेसारखी व्हायची. भाऊंनी त्यानं तोंड धुतलं आणि गालावरून बोट फिरवलं. कर्रर्र वाजलं.

"ऐका साहेब," भाऊ खूश होऊन म्हणाले, "ताटासारखं वाजतं!"

"तोंड आहे ते भाऊ. वाजायला नको."

साहेबांनी ती टाकी नापास केली. भाऊ म्हणाले, पास करा. साहेब म्हणाले, नाही. तेव्हा भाऊ पहिल्यांदाच चढ्या आवाजात बोलले. "मंग घरी बसा तुमी. ही ताई पास करीन. शिकेल हाये, तुमच्यापेक्षा डोकं थंड हाये. ताई, उद्यापासून तू मुख्य केमिस्ट. कर सही."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मुख्य केमिस्ट! गावात आई ते पद घरोघर सांगत फिरली असती.

मी म्हणाले, "भाऊ, आमच्या घरात सही करणारी मी पहिली. माझ्या मागचे सगळे अंगठेवाले. ही सही मी ट्रक धुवायच्या लिक्विडावर करणार नाही. हळदीकुंकवाला चिमुकल्या मुलींना घेऊन बायका येतात. त्यांच्या डोळ्यात हे गेलं की फोटोवर त्या बाईंचं हसू दिसेल आणि शिव्या आपल्याला बसतील."

मग मी माझा नमुना पुढे केला. तो मी आधीच करून ठेवला होता: काड्या अगदी थोड्या, खोबऱ्यापासून बनणारा बीटेन नावाचा सौम्य सर्फॅक्टंट बऱ्यापैकी. तो काड्यांचा त्रास कमी करतो आणि वर फेसही भरगच्च करतो. आपल्याकडच्या क्षाराच्या जड पाण्यातही. भाऊंनी हातावर घेतलं. फेस आवडला.

साहेबांनी तोंड वाकडं केलं. "मॅडम, तुम्ही लोकांना फेस दिलात."

"हो. फुकट आहे, आणि कुणाला चावत नाही."

पण भाऊंनी दांड्याकडे हात केलाच. चीक फासला, वाळवला, माझ्या नमुन्यानं धुतला. डाग जागेवर. "पाहा. मी काय म्हनतो मंग? मोठ्या टाकीनं थोडा तरी फिका झाल्ता."

साहेबांनी ते मनगट हातात घेऊन पाहिलं. मग म्हणाले, "भाऊ, उद्या सकाळी तुमच्या टाकीतला माल घेऊन बसा. चीक मी आणतो. डाग निघाला तर तुमची बॅच पास, मी कायमचा घरी. नाही निघाला तर मॅडमची बॅच, आणि परत काड्यांना हात लावायचा नाही."

"कबूल," भाऊ म्हणाले. त्यांना वाटलं, मनगटाचीच गोष्ट आहे.

सकाळी साहेब आले आणि पॅकिंगच्या बायका उठून उभ्या राहिल्या. त्यांचा डावा गाल, कानापासून हनुवटीपर्यंत, तपकिरी. काही ठिकाणी काळपट. घरून चीक फासून, वाळवूनच आले होते. इतकी वर्षं जपून वापरलेला तो गाल त्यांनी भिंत सारवावी तसा सारवला होता.

"साहेब, हे काय करून ठुलं!" लताताई ओरडली.

"धुवा," साहेब भाऊंना म्हणाले आणि खुर्ची ओढून नळापाशी डोळे मिटून बसले.

भाऊ गांगरले. स्वतःचं मनगट घासणं वेगळं, आपल्यापेक्षा वडील माणसाचा गाल घासणं वेगळं. पण शब्द दिलेला. त्यांनी टाकीतलं लिक्विड घेतलं आणि लावलं. फेस साहेबांच्या चष्म्याच्या खुणेपर्यंत चढला. धुतलं. डाग तिथंच.

"अजून," साहेब म्हणाले.

पुन्हा लावलं, पुन्हा धुतलं. डाग तिथंच, भोवतालचा गाल लाल. भाऊ जरा जोरात चोळायला लागले. साहेब डोळे मिटूनच बोलत होते: "आत्ताचा लालपणा निम्मा चोळण्याचा आहे मॅडम, तो काड्यांच्या नावावर टाकू नका. काड्यांचं काम उद्या दिसेल. कोरडं पडेल, खाजेल, पापुद्रे निघतील. लक्षात ठेवा, घाई नाही करायची निष्कर्षाची."

"साहेब, आग होते का?" भाऊंनी विचारलं.

"होते ना. तुम्ही धुवा."

"लई होते का?"

"भाऊ, तुम्हाला डाग काढायचाय. आगीचं काय विचारता? वाणाच्या दिवशी तुम्ही थोडेच प्रत्येकीला विचारायला जाणार आहात."

भाऊंचा हात थांबला. साहेबांच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ते फेसाचं की आणखी कशाचं, हे तपासण्याचं साधन आमच्या प्रयोगशाळेत नव्हतं. लताताई पुढे झाली. तिनं भाऊंच्या हातातलं लिक्विड काढून घेतलं, साध्या पाण्याचा तांब्या आणला आणि साहेबांचा गाल धुवायला लागली. "बस झालं आता भाऊ," ती म्हणाली. "माह्या बापाच्या वयाचा मानूस हाये तो."

भाऊ ओले हात घेऊन तसेच उभे राहिले. मग टेबलापाशी गेले, डब्यातला दांडा उचलला आणि खिडकीतून बाहेर फेकला.

"ताईचा माल भरा," मिक्सरवाल्याला म्हणाले. "आन् मोठी टाकी सावद्याले धाडा. गाड्या धुवाले."

एवढं होऊनही "चुकलं" म्हणाले नाहीत. साहेबही "जिंकलो" म्हणाले नाहीत. म्हणाले ते एवढंच, "मॅडम, सही करताना फेसाबद्दलची माझी हरकत नोंदवा." अशा माणसाबद्दल तुम्हाला फार वेळ भरून येऊ शकत नाही. तो येऊच देत नाही.

संध्याकाळी आम्ही नेहमीसारखे शेअर रिक्षानं निघालो. रिक्षातले सगळे साहेबांच्या गालाकडे बघत होते आणि बघत नसल्यासारखं करत होते. समोर भाजीची पिशवी मांडीवर घेतलेली एक बाई बसली होती. तिला राहवेना.

"दादा, राग नका मानू. ते वांगाचे डाग हायेत का?"

"नाही. केळीचा चीक."

"अग बाई. मंग एक करा. बेसनपीठात दही कालवा आन् लावून ठेवा. वाळलं की चोळून काढा. आमच्या जाऊच्या हाताचा असाच गेल्ता."

ज्या माणसानं नवरीच्या आईला सोडलं नाही, ड्रायव्हरला सोडलं नाही, तो आता या बाईला स्टँड येईपर्यंत दही, बेसन आणि तिची जाऊ असं सगळं रसायनशास्त्र ऐकवणार. साहेबांनी चष्मा सारखा केला. पुढे वाकले.

"दही आंबट की गोड?" त्यांनी विचारलं.

"आंबट."

"बरं ताई. लावतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते कारखान्यात आले तेव्हा गाल कोरडा, पापुद्रे सुटलेला, आणि कानामागे बेसन वाळून चिकटलेलं. डाग होता तिथंच होता. मी काही विचारायच्या आत त्यांनी खुर्ची ओढली, पेन काढलं.

"नाही निघत," साहेब म्हणाले. "पण आता आपल्याला माहीत आहे."